हरितद्रव्य मीटर आणि गव्हाचं खत: विदर्भातल्या शेतकऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गव्हाच्या वावरात चिमट्यासारखं यंत्र घेऊन कुणी फिरताना दिसलं की धुऱ्यावरून दोन प्रश्न हमखास येतात. हे काय मोजतं? आणि मग युरिया टाकू की नको? पहिल्याचं उत्तर दोन ओळींत देता येतं. दुसऱ्यासाठी पुढचं सगळं लिहिलं आहे. प्रश्न वऱ्हाडातल्या भारी काळ्या जमिनीवरचे आहेत, तसेच भंडारा-गोंदियाकडे धान निघाल्यावर त्याच बांधीत गहू घेणाऱ्यांचेही आहेत.

हे मीटर नेमकं काय मोजतं?

पान किती हिरवं आहे, ते मोजतं. मीटरच्या जबड्यात पान धरून दाबलं की त्यातून दोन प्रकारचा प्रकाश जातो. एक लाल, ६५० नॅनोमीटरचा. दुसरा डोळ्यांना न दिसणारा, ९४० नॅनोमीटरचा. पानातलं हरितद्रव्य लाल प्रकाश गिळतं, दुसऱ्याला जवळपास हात लावत नाही. दोन्ही प्रकाश पानाच्या पलीकडे किती पोचले याच्या फरकावरून एक अंक पडद्यावर येतो. दुसरा प्रकाश ठेवण्याचं कारण म्हणजे पान जाड असो की पातळ, त्याचा परिणाम बराचसा वजा व्हावा.

या अंकाला ग्रॅम, टक्का असं काही एकक नाही. जपानी बनावटीच्या मूळ यंत्राच्या नावावरून त्याला ‘स्पॅड’ रीडिंग म्हणतात. यंत्राची खिडकी फक्त २ मिलिमीटर बाय ३ मिलिमीटरची असते, त्यामुळे गव्हाच्या अरुंद पानावरही काम भागतं. पान तोडावं लागत नाही, वाळवावं लागत नाही, प्रयोगशाळेत पाठवावं लागत नाही.

हिरवेपणाचा आणि नत्राचा संबंध काय?

हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो आणि त्याला धरून नत्राचे चार. पण खरा संबंध त्याहून मोठा आहे. पानातलं बहुतेक नत्र हरितद्रव्य जिथं असतं त्याच हरितकणांमध्ये, अन्न तयार करणाऱ्या प्रथिनांच्या रूपात साठलेलं असतं. नत्र कमी पडलं की प्रथिनंही घटतात आणि हिरवा रंगही उतरतो. म्हणून रंगावरून नत्राचा अंदाज बांधता येतो.

याला मर्यादा आहे, आणि मीटर विकणारा ती सहसा सांगत नाही. गरजेपुरतं नत्र मिळालं की हिरवेपणा एका पातळीला येऊन थांबतो. त्यावर तुम्ही आणखी दोन पोती ओतलीत तरी अंक फारसा हलत नाही. मीटरला उपाशी गहू ओळखता येतो, अजीर्ण झालेला ओळखता येत नाही.

माती परीक्षण केलं आहे. जमीन आरोग्य पत्रिकाही आहे. मग आणखी हे कशाला?

दोन्ही वेगवेगळ्या वेळची कामं आहेत. १९ फेब्रुवारी २०१५ ला सुरू झालेल्या योजनेतल्या पत्रिकेवर सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं असे १२ घटक असतात. स्फुरद, पालाश, जस्त यांचा निर्णय पेरणीआधीच घ्यायचा असतो, आणि तिथं पत्रिकेला पर्याय नाही. नत्राचं तसं नाही. ते हंगामभर बदलत राहतं. सोयाबीनचं बेवड कसं होतं, शेणखत कधी पडलं, परतीचा पाऊस किती रेंगाळला, थंडी कशी आहे, या सगळ्यावर ते ठरतं. पत्रिका पेरणीच्या आधीचं सांगते, मीटर आजचं. पत्रिका नसलेल्या शेतकऱ्यानं आधी मीटरच्या मागं लागू नये, असं माझं मत आहे.

किती अंक आला म्हणजे गहू चांगला?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याचंच उत्तर एका आकड्यात देता येत नाही.

गव्हाच्या चांगल्या पोसलेल्या पानावर अंक साधारण चाळिशीत असतो. पंजाबातल्या अभ्यासांमध्ये फुटव्यांच्या भरात असताना ४२ ते ४४ ही पातळी धरून, त्याखाली रीडिंग आलं तर हेक्टरी ३० किलो नत्र द्यावं, असं तपासलं गेलं आहे. पण तो आकडा तिथल्या वाणांचा, तिथल्या जमिनीचा आणि तिथल्या लांबलचक थंडीचा. आपल्याकडे लोक-१ पेरणारा आहे, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे एकेएडब्ल्यू मालिकेतले वाण पेरणारा आहे, घरच्या खाण्यापुरता बन्सी जपणाराही आहे. सारखंच खत दिलं तरी वाणावाणांत काही अंकांचा फरक पडतो. शेजाऱ्याचा ४५ आणि तुमचा ४२ म्हणजे तुमचा गहू उपाशी, असं अजिबात नाही. त्याचं वाण वेगळं असेल, पेरणी दहा दिवस पुढंमागं असेल.

म्हणून अंकाची तुलना शेजाऱ्याशी किंवा पुस्तकाशी करू नका. आपल्याच वावरातल्या, त्याच वाणाच्या, त्याच दिवशी पेरलेल्या पण नत्र भरपूर मिळालेल्या गव्हाशी करा. त्यासाठी लागतो भरपूर नत्राचा पट्टा.

हा पट्टा कसा आणि कुठं लावायचा?

पेरणीच्या वेळीच ठरवा. वावरात एक वाफा, किंवा पेरणी यंत्राचा एक फेर, असा निवडा की तिथली जमीन बाकी वावरासारखीच असेल. तिथं स्फुरद, पालाश, जस्त बाकीच्यासारखंच. फक्त नत्र शिफारशीच्या दीडपट. तेही एकदम न टाकता पेरणीला आणि पहिल्या पाण्याला विभागून.

पट्टा कुठं नको ते जास्त महत्त्वाचं आहे. धुऱ्यालगत नको, कारण तिथं बाभळीची किंवा निंबाची सावली असते आणि मुळंही खात असतात. उन्हाळ्यात शेणखताचे ढीग पडले होते तिथं नको. पाटाच्या तोंडाशी नको, तिथं पाणी जास्त मुरतं. वावरात अर्धी जमीन भारी आणि अर्धी बरड असेल तर दोन्हीकडे एकेक पट्टा हवा. वाण दोन असतील तरी पट्टे दोन.

खुंट्या ठोकून ठेवा. उंच ठोका. गहू गुडघ्याएवढा झाला की बुटकी खुंटी सापडत नाही, आणि मग पट्टा नेमका कोणता यावरून घरात वाद होतो.

या जागेवर थोडा जास्त युरिया खर्च होतो. एकरभरात एक वाफा म्हणजे काही किलोंचा प्रश्न आहे. सगळ्या वावराचा निर्णय त्याच्या भरवशावर घ्यायचा असल्यानं तो खर्च मी वाया धरत नाही.

रीडिंग कोणत्या पानाचं आणि कसं घ्यायचं?

वरून पाहिलं तर पूर्ण उलगडलेलं सगळ्यात नवं पान. ओळखायची खूण अशी: पान जिथं खोडाभोवतीच्या आवरणाला मिळतं तो सांधा स्पष्ट दिसला पाहिजे. अजून सुरळीसारखं गुंडाळलेलं, अर्धवट निघालेलं पान घेतलं तर अंक कमी येतो. खालचं म्हातारं पान घेतलं तरी कमीच येतो.

त्या पानाच्या बुडापासून शेंड्यापर्यंत साधारण मध्यावर, मधली शीर सोडून बाजूच्या पात्यावर जबडा बसवा. यंत्र चालू केल्यावर आधी पान न ठेवता रिकामा जबडा दाबून धरावा लागतो. ‘पीप’ वाजलं की ते तयार झालं. मग पान आत सरकवून बोटानं दाबायचं, पुन्हा ‘पीप’, पडद्यावर अंक. हात हलला किंवा पान खिडकीवर पुरतं बसलं नाही तर अंक उगाच भलता येतो. असा अंक तिथंच पुसून टाका, सरासरीत मिसळू देऊ नका.

जपानी यंत्रात ३० अंक साठतात आणि बटण दाबलं की सरासरी मिळते. एका वावरातून ३० पानं पुरेशी. नागमोडी चालत, कडेच्या चार-पाच ओळी सोडून. एकाच जागी उभं राहून ३० पानं चिमटली तर त्याला वावराचं रीडिंग म्हणत नाहीत. पट्ट्यात २० पानं घेतली तरी चालतात.

काही गोष्टी पाळाव्याच लागतात. पानावर दव असताना मोजू नका. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे नऊ-साडेनऊपर्यंत पानं ओली असतात, म्हणजे त्यानंतरच. उन्हाकडे पाठ करून, स्वतःची सावली यंत्रावर पाडून रीडिंग घ्या. तांबेऱ्याचे ठिपके, माव्याचा चिकटा, धूळ, फाटलेलं पातं टाळा. भर दुपारी पाण्यावाचून मान टाकलेल्या गव्हाचं रीडिंग तर घेऊच नका. पट्टा आणि बाकी वावर यांचं मोजमाप लागोपाठ, त्याच माणसानं आणि त्याच यंत्रानं करायचं. सकाळी पट्टा आणि संध्याकाळी वावर असं केलं तर तुलनेला अर्थ राहत नाही.

कोणत्या दिवशी मोजायचं?

वेळेवर पेरलेल्या गव्हाला आपल्याकडे १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळं (खोडाच्या बुडाशी येणारी मुळं) फुटतात, ४० ते ४५ दिवसांनी तो कांडी धरतो, साधारण ६० ते ६५ दिवसांनी फुलोऱ्यावर येतो. मुकुटमुळांच्या वेळी पान इतकं कोवळं आणि अरुंद असतं की रीडिंगवर भरवसा ठेवता येत नाही, आणि त्या वेळच्या पहिल्या पाण्यासोबतचा नत्राचा हप्ता तसाही चुकवायचा नसतो. मीटरचं खरं काम कांडी धरण्याच्या आधी आहे, ३५ ते ४५ दिवसांच्या दरम्यान. पाणी देण्याच्या एक-दोन दिवस आधी मोजा, म्हणजे खत टाकायचं ठरलं तर ते त्याच पाण्यासोबत जाईल.

पण शिफारस तर अर्धं नत्र पेरणीला आणि अर्धं पहिल्या पाण्याला अशी आहे. मग मीटरसाठी उरतं काय?

बरोबर पकडलंत. वेळेवर पेरलेल्या ओलिताच्या गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ४० किलो पालाश ही आपल्याकडची ओळखीची मात्रा. एकरी हिशोबानं नत्र ४८ किलो, स्फुरद २४ किलो. सगळं नत्र तीन आठवड्यांत देऊन मोकळे झालात तर नंतर मोजून फक्त हळहळ करता येईल.

मीटर वापरायचं असेल तर नत्राचे तीन भाग करा. एकरी १६ किलो पेरणीला. डीएपीच्या ५० किलोंच्या एका पोत्यातून ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद मिळतं, वरच्या ७ किलोंसाठी सुमारे १५ किलो युरिया. दुसरे १६ किलो पहिल्या पाण्यासोबत, म्हणजे ३५ किलो युरिया. तिसरे १६ किलो घरात ठेवा आणि चाळिसाव्या दिवसाच्या रीडिंगवर ठरवा.

तुलना अशी करायची. समजा पट्ट्याची सरासरी ४६ आली आणि वावराची ४२.३. वावराच्या अंकाला पट्ट्याच्या अंकानं भागून शंभरानं गुणलं की ९२ टक्के. ९५ टक्क्यांच्या खाली असेल तर राखून ठेवलेला युरिया द्यायचा, हा जगभर वापरला जाणारा साधा नियम आहे. आता समजा वावराची सरासरी ४४.६ आहे. म्हणजे ९७ टक्के. गव्हाला सध्या कमी नाही. आठवड्यानं पुन्हा मोजा. तेव्हाही ९५ च्या वर असेल तर ३५ किलो युरिया वाचला.

९० ते ९५ च्या मध्ये अडकलेल्या गव्हाला मी पूर्ण हप्ता न देता एकरी २५ किलोंच्या आसपास युरिया सुचवतो. पंजाबातल्या अभ्यासांतलं हेक्टरी ३० किलो नत्र एकरावर आणलं तर युरिया साधारण तितकाच भरतो. ९० च्या खाली घसरला असेल तर पूर्ण ३५ किलो, आणि लगेच.

पहिल्या वर्षी सगळ्या वावरावर हे करू नका. एक एकर अशा पद्धतीनं, बाकी नेहमीप्रमाणे. सोंगणीला दोन्हीकडचं वजन वेगळं करा.

गहू पिवळा दिसतो, पण भरपूर नत्राचा पट्टाही तितकाच पिवळा आहे. आता?

मग नत्राचा प्रश्नच नाही. युरियाचं पोतं परत कोठीत ठेवा.

पट्ट्याचा खरा फायदा इथं कळतो, आणि नुसत्या टक्केवारीवर चालणारा इथंच फसतो. पट्टा ३४, वावर ३४, म्हणजे शंभर टक्के, म्हणजे सगळं छान! म्हणून टक्केवारीसोबत मूळ अंकही पाहायचा. दोन्ही अंक पडलेले असतील तर मीटर खिशात टाका आणि गुडघे टेकून पानं पाहा.

पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून, शेंड्याकडून बुडाकडे सरकत असेल तर ती नत्राची खूण. नत्र हालतं, रोप ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देतं. याउलट नवी पानं एकसारखी फिकट आणि जुनी हिरवी असतील तर गंधकाकडे बोट जातं. पूर्वी सिंगल सुपर फॉस्फेट टाकणाऱ्याच्या वावरात स्फुरदासोबत गंधक आपसूक पडत होतं. तो डीएपीवर गेला की ते थांबतं, आणि सोयाबीन-गहू करत राहिलं की काही वर्षांत उणीव दिसू लागते.

नव्या पानांवर शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी, असे लांब पट्टे दिसले तर लोह. अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात हे ओळखीचं आहे. तिथं जमिनीत लोह नाही असं नसतं, सामू चढलेला असल्यानं ते मुळांना घेता येत नाही. मधल्या पानांवर फिकट पट्टे येऊन पान मध्येच करपून वाकत असेल तर जस्ताचा संशय घ्या, विदर्भातल्या कितीतरी जमिनी त्यात कमी आहेत. लोहासाठी १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि थोडं सायट्रिक आम्ल अशी फवारणी करतात, पण आधी दोन-चार ओळींवर करून बघा. नवी पानं आठवड्यात हिरवी आली तर निदान पक्कं.

तणनाशक मारून आठ-दहा दिवस झाले नसतील तर वरचं काहीच करू नका. काही तणनाशकांनी गहू थोडे दिवस फिक्का पडतो आणि सावरतो.

पाणी दिलं की दोन-तीन दिवसांत गहू पिवळा पडतो. मीटरही कमी दाखवतं. युरिया कमी पडला का?

बहुतेक वेळा नाही. रात्रीची लाइन, मोटार सुरू करून माणूस झोपतो, आणि सकाळी वाफ्यात घोटाभर पाणी. काळ्या चिकण जमिनीत ते दिवसेंदिवस मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही, नत्र जमिनीत असूनही उचललं जात नाही. वाफसा आला की रंग परततो. धानाच्या बांधीत, जिथं चिखलणीनं खालचा थर घट्ट झालेला असतो, तिथं हे जास्त दिसतं. वाफसा आल्यावर मोजा. तुषार सिंचनावर ही अडचण क्वचितच येते.

युरिया पाण्याआधी टाकायचा की नंतर?

भारी जमिनीत पाण्याच्या लगेच आधी, कारण नंतर चार-सहा दिवस पाय ठेवता येत नाही. हलक्या जमिनीत पाणी देऊन वाफसा आल्यावर. चढ्या सामूच्या जमिनीवर युरिया उघडा पडून राहिला तर नत्राचा अमोनिया होऊन उडून जातो, त्यामुळे टाकून पाणी दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

आमच्या विहिरीला एका पाण्यापुरतंच पाणी आहे. मीटरचा उपयोग होईल?

फारसा नाही. कोरडवाहू किंवा एका पाण्याच्या गव्हात उत्पादन पाण्यानं अडतं, नत्रानं नंतर. चाळिसाव्या दिवशी कमी रीडिंग आलं तरी कोरड्या जमिनीवर टाकलेला युरिया मुळांपर्यंत पोचणार नाही. कोरडवाहू गव्हाची हेक्टरी ४० किलो नत्राची मात्रा पेरणीलाच ओलीत पेरून द्या आणि मोकळे व्हा.

कपाशी उपटून डिसेंबरात गहू पेरला. त्याला हेच वेळापत्रक चालेल?

तत्त्व तेच, पण सवड कमी. उशिराचा गहू लवकर कांडी धरतो आणि फेब्रुवारीच्या शेवटी उन्हाच्या तडाख्यात सापडतो. त्याची नत्राची मात्राही कमी असते. ३० ते ३५ दिवसांत एकदा मोजा, निर्णय घ्या. दुसऱ्या मोजणीची वाट पाहू नका.

युरियाचं ४५ किलोंचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना मिळतं. इतक्या स्वस्त मालासाठी एवढा खटाटोप कशाला?

पोत्याच्या किमतीत पाहिलं तर हा प्रश्न रास्त आहे. एकरी ३५ किलो वाचला म्हणजे दोनशे-सव्वादोनशे रुपये, मजुरी धरली तर थोडे जास्त. त्यासाठी कुणी ३० पानं चिमटत बसणार नाही.

पण नको असलेला युरिया पोत्याच्या किमतीवर थांबत नाही. गहू माजतो, खोड नरम राहतं आणि ओंबी भरत असताना पाणी दिलं, त्याच रात्री वारा सुटला की वाफेच्या वाफे आडवे होतात. लोळलेल्या गव्हाचा दाणा चिपटा राहतो आणि हार्वेस्टरवाला जास्त पैसे मागतो. लुसलुशीत पानांवर मावा बसतो, तांबेरा लवकर पसरतो. उरलेलं नत्र नायट्रेट होऊन पाण्यासोबत खाली जातं, आणि गावाची पिण्याची विहीर बहुधा त्याच शिवारात असते. शिवाय ऐन गरजेच्या आठवड्यात कृषी केंद्रात युरिया मिळेलच याची खात्री नाही, मिळाला तर सोबत भलतीच बाटली गळ्यात मारतात. कुठल्या वावराला खरंच लागतो आणि कुठल्याला नाही हे कळलं तर असलेला युरिया योग्य जागी जातो.

उलटंही होतं, आणि हे बोललं जात नाही. सगळ्यांना कमी टाका म्हणून सांगितलं जातं, पण बरड जमिनीवर ८८ टक्के आलेला गहू नत्राला खरोखर आसुसलेला असतो. तिथं मीटर खत वाचवत नाही, जास्त टाकायला लावतं.

मीटरची किंमत परवडणारी नाही. दुसरा मार्ग?

जपानी मीटर लाखाच्या वर जातं. एकट्या शेतकऱ्यानं विकत घेऊ नये, असं स्पष्ट सांगतो. शेतकरी उत्पादक कंपनी, बचत गट किंवा गावातले दहा-बारा गहू पेरणारे मिळून विचार करू शकतात, कारण प्रत्येकाला ते हंगामात एक-दोन सकाळीच लागतं. वर्ध्यातलं सेलसुरा किंवा वाशीम जिल्ह्यातलं करडा यांसारख्या आपल्या जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्राकडे आधी विचारून पाहा.

स्वस्त पर्याय म्हणजे पानाच्या रंगाचा तक्ता, ज्याला एलसीसी म्हणतात. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं तो भातासाठी लोकप्रिय केला, लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठानं गव्हासाठीही वापरात आणला. प्लॅस्टिकच्या पट्टीवर फिक्या ते गडद हिरव्या रंगाच्या चार किंवा सहा पट्ट्या असतात. पान त्यावर ठेवून कोणत्या पट्टीशी जुळतं ते पाहायचं. गव्हात साधारण चौथ्या पट्टीच्या आसपास रेष मारतात. अंगाच्या सावलीत, एकाच माणसानं, रोज एकाच वेळी पाहायचं. मीटरइतकं बारीक कळत नाही, पण भरपूर नत्राच्या पट्ट्याशी तुलना करायला हा तक्ता पुरेसा आहे. माझ्या मते दहा एकरांपर्यंतच्या शेतकऱ्यानं तक्त्यानंच सुरुवात करावी.

मोबाइलच्या कॅमेऱ्यानं जमणार नाही का?

रंग मोजणारी अ‍ॅप आहेत. पण कॅमेरा स्वतःच उजेडानुसार रंग बदलतो, ढग आला की हिरवा वेगळा, दुसऱ्याचा फोन घेतला की आणखी वेगळा. पट्टा आणि वावर एकाच मिनिटात, एकाच सावलीत टिपले तर अंदाज येईल. त्यापुढे भरवसा नको.

हातात धरून पिकावरून फिरवायचं ग्रीनसीकरसारखं यंत्र वेगळं. ते एक पान न पाहता पानं आणि मधली जमीन मिळून परतणारा प्रकाश मोजतं. विरळ उगवलेल्या गव्हात जमीन जास्त दिसते, म्हणून अंक पडतो, तेव्हा ‘नत्र कमी’ असा अर्थ लावू नका.

नॅनो युरिया फवारला तर रीडिंग वाढेल?

थोडे दिवस रंग चढू शकतो. हिशोब मात्र करून बघा: सुरुवातीला आलेल्या ४ टक्के नत्राच्या ५०० मिलिलिटर बाटलीत नत्र होतं २० ग्रॅम. ४५ किलोंच्या पोत्यात २०.७ किलो. ९० टक्क्यांच्या खाली गेलेल्या गव्हाची भूक त्या बाटलीनं भागेल, असं मला वाटत नाही.

ओंबी निघाल्यावर मोजून काही फायदा?

तेव्हा ओंबीच्या लगेच खालचं पान मोजतात. दाण्यात जाणाऱ्या अन्नाचा मोठा वाटा तेच पान बनवतं, त्यामुळे ते किती दिवस हिरवं टिकतं याला महत्त्व आहे. या वेळी जमिनीतून युरिया देऊन उत्पादन फारसं वाढत नाही. रीडिंग पट्ट्यापेक्षा बरंच खाली असेल तर २ टक्के युरियाची फवारणी, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम, संध्याकाळी. दाण्यातली प्रथिनं थोडी वाढायला मदत होते. बन्सी गव्हात नत्र कमी पडलं की दाण्यावर पांढरट पिठूळ डाग येतात आणि व्यापारी भाव पाडतो, तिथं ही फवारणी कामी येते.

स्पॅडच्या अंकावरून हरितद्रव्य मिलिग्रॅममध्ये काढता येतं का? (कृषी महाविद्यालयातले विद्यार्थी हे विचारतात.)

थेट नाही. आपल्या वाणाची पानं घेऊन आधी स्पॅड मोजा, मग त्याच जागेचे तुकडे ८० टक्के अ‍ॅसिटोनमध्ये वाटून आर्नन यांच्या १९४९ च्या पद्धतीनं ६४५ आणि ६६३ नॅनोमीटरवर शोषण वाचा, आणि दोन्हींचा आलेख मांडा. तो आलेख त्या वाणापुरता आणि त्या अवस्थेपुरता. वरच्या अंकांना गेल्यावर रेष सरळ राहत नाही, वाकते. शेतकऱ्याला यातलं काही लागत नाही.

वहीत काय काय लिहून ठेवायचं?

तारीख, पेरणीपासूनचे दिवस, वाण, पट्ट्याची सरासरी, वावराची सरासरी, शेवटचं पाणी कधी दिलं, किती युरिया टाकला, आणि सोंगणीनंतर त्या एकराचं वजन. वावराचा कोणता कोपरा दरवर्षी मागे पडतो तेही लिहा. पुढच्या रब्बीत पेरणीआधी मातीचा नमुना त्याच कोपऱ्यातून वेगळा काढता येतो.